जुन्या पीसीची हार्डडिस्क आणि तो फ्रीजरवाला मेसेज

परत तो मेसेज फिरायला लागलाय, तुमच्याकडेही आला असेल. वर लिहिलंय, जुन्या कॉम्प्युटरची हार्डडिस्क बिघडली तर दुकानात जाऊ नका, घरीच दुरुस्त करा. खाली उपाय: डिस्क स्लो झाली म्हणजे बॅड सेक्टर (डिस्कवरच्या वाचता न येणाऱ्या जागा) आले, मग चेकडिस्क स्लॅश आर (विंडोजचं डिस्क तपासणारं टूल) मारा, डीफ्रॅग (फाइलींचे विखुरलेले तुकडे एकत्र) करा, तरी नाही जमलं तर प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा, लो लेव्हल फॉरमॅट मारला की डिस्क नव्यासारखी होते, आणि फिरतच नसेल तर तसल्याच दुसऱ्या डिस्कचं सर्किट बोर्ड काढून लावा. लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच असेल. पण कितीतरी घरांत लग्नाचे, बारशाचे, गेलेल्या माणसांचे फोटो फक्त एका विंडोज एक्सपीवाल्या पीसीत पडलेत आणि तिथे कुणी हे जसंच्या तसं केलं तर काय होईल याची मला खरंच काळजी वाटते. अख्ख्या मेसेजमध्ये "आधी डेटाची कॉपी काढा" एवढं एक वाक्य नाहीये, माझा मुख्य आक्षेप हाच आहे. बाकी आता एकेक मुद्दा घेऊ.

स्लो म्हणजे बॅड सेक्टर? नेहमीच तसं नसतं. जुन्या पीसीत पुष्कळदा डिस्क धडधाकट असते आणि घोळ केबलचा नाहीतर पॉवरचा असतो. एक्सपीचंच बघा. डिस्कशी देवाणघेवाण करताना टाइमआउट (उत्तर वेळेत न येणं) किंवा सीआरसी एरर (वाटेत डेटा बिघडणं) आली की एक्सपी ती मोजून ठेवतं, अशा सहा झाल्या की स्पीड एक पायरी खाली आणतं, आणि असं उतरत उतरत शेवटी पीआयओ मोडवर येऊन बसतं. या मोडमध्ये डेटा हलवायचं सगळं काम प्रोसेसरच्या गळ्यात पडतं, त्यामुळे एक साधी फाइल कॉपी करायला घेतली तरी माउस अडकत चालतो, गाणं तुटत वाजतं, आणि घरचे म्हणतात डिस्क गेली. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जा, प्रायमरी आयडीई (रुंद पट्टीवाली जुनी जोडणी) चॅनलच्या प्रॉपर्टीज उघडा, अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये करंट ट्रान्सफर मोडसमोर काय लिहिलंय ते बघा. पीआयओ असेल तर पीसी बंद करून केबल बदला, मग तो चॅनल अनइन्स्टॉल करून रीस्टार्ट करा, विंडोज त्याला परत शोधून घेतं आणि अल्ट्रा डीएमए या वेगवान मोडवर येतं. केबल तीच ठेवून नुसतं अनइन्स्टॉल केलंत तर एरर परत साठणार आणि स्पीड परत खाली येणार.

केबल बदलताना पण बघून. आयडीईची पट्टी दोन प्रकारची येते, ४० तारांची आणि ८० तारांची, कनेक्टर दोन्हीला ४० पिनांचाच म्हणून पटकन फरक कळत नाही, पण ८० वालीच्या तारा अगदी बारीक असतात. निळं टोक मदरबोर्डला, काळं टोक मास्टरला (पहिल्या ड्राइव्हला), मधलं राखाडी स्लेव्हला (दुसऱ्याला). सीडी ड्राइव्हची जुनी ४० वाली हार्डडिस्कला लावली तर सेकंदाला ३३ एमबीच्या वर स्पीड जाणारच नाही, डिस्क कितीही चांगली असो. साटा (आयडीईनंतर आलेली अरुंद) केबल असेल तर ती आपोआप सैल होऊ शकते, जुन्या केबलींना धरून ठेवणारी क्लिपसुद्धा नसते.

आणि अंदाज कशाला करायचा, डिस्क स्वतःच सांगते. स्मार्ट (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) रीडिंग दाखवणारं कुठलंही छोटं सॉफ्टवेअर घ्या आणि चार नंबर बघा. १९९ वाढत असेल तर बहुतेक केबल. ५ (बदलून टाकलेले सेक्टर), १९७ (निकाल लागायचे असलेले सेक्टर), १९८ (वाचताच न आलेले सेक्टर) यातलं काही शून्याच्या वर गेलं असेल तर मात्र खरोखर डिस्कच्या पृष्ठभागाचा प्रश्न आहे, आणि मग वेळ घालवू नका. गूगलच्या इंजिनिअर लोकांनी २००७ मध्ये एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास छापला होता, त्यात पहिली स्कॅन एरर (डिस्कने स्वतःचा पृष्ठभाग तपासताना सापडलेली चूक) आल्यानंतरच्या ६० दिवसांत ती डिस्क मरण्याची शक्यता एरर नसलेल्या डिस्कच्या ३९ पट निघाली. त्याच अभ्यासात असंही दिसलं की मेलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून जास्त डिस्कनी या महत्त्वाच्या आकड्यांतून आधी काहीच सांगितलं नव्हतं, तेव्हा स्मार्ट स्वच्छ आहे म्हणून निर्धास्तही राहू नका.

पॉवरचं तर मेसेजमध्ये नावच नाही. डिस्कची मोटर १२ व्होल्टवर चालते. एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय) म्हातारा झाला, आतले कपॅसिटर फुगले, की मोटर पूर्ण वेग घ्यायच्या आत दम तोडते, परत सुरू होते, परत थांबते, आणि बाहेरून ते खडखड ऐकू येतं. दुसरा चांगला एसएमपीएस लावून एकदाच बघा. त्यावरही खडखड चालूच असेल तर तिथल्या तिथे बंद करा, "अजून एकदा बघू" नको. अजून एक किरकोळ वाटणारी गोष्ट, घड्याळ दरवेळी मागच्या कुठल्यातरी वर्षात जात असेल तर मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपलाय, बायोस (पीसी सुरू करणारा मूळ प्रोग्राम) सेटिंग विसरतं, साटाचा मोड बदलतो आणि एक्सपी ७बी वाला निळा स्क्रीन दाखवतं. डिस्कला काहीही झालेलं नसतं.

आता चेकडिस्क. हे टूल वाईट नाही, निरोगी डिस्कवर लाईट गेल्यामुळे फाइल सिस्टिम (कुठली फाइल कुठे आहे याची नोंद) बिघडली असेल तर ते कामाचंच आहे. पण ते फाइल सिस्टिम नीट करतं, डिस्क नीट करत नाही. मरायला टेकलेल्या डिस्कवर स्लॅश आर मारलं की ते प्रत्येक क्लस्टर वाचायला जातं, तासन्‌तास त्या खराब जागेवर हेड (वाचणारा-लिहिणारा भाग) फिरवत ठेवतं, आणि वर मूळ डिस्कवरच लिहितं. फोल्डरची नोंद वाचता आली नाही तर ती तोडून टाकतं, आणि तुमचे फोटो फाउंड.००० अशा कुठल्यातरी लपलेल्या फोल्डरात नाव-गाव नसलेल्या तुकड्यांमध्ये जाऊन पडतात. मागे यायला रस्ता नसतो.

डीफ्रॅगबद्दल फार बोलायला नको. आजारी डिस्कवरच्या सगळ्या फाइली उचलून दुसरीकडे लिहायच्या, यापेक्षा घातक काही सुचणं अवघड आहे.

फ्रीजर. हे मुळात कुठून आलं ते समजण्यासारखं आहे. पूर्वीच्या काही डिस्कमध्ये बेअरिंग आवळायचं किंवा हेड प्लॅटरला (आतल्या फिरत्या चकतीला) चिकटून बसायचं, थंड केलं की धातू आकुंचन पावतो आणि कधीतरी ते सुटायचं. पण ती कधीतरीची गोष्ट होती, आणि आत्ताच्या, म्हणजे गेल्या वीस वर्षांतल्या डिस्कमध्ये हेड प्लॅटरच्या वर काही नॅनोमीटरवर तरंगतं. डिस्क सीलबंद असते असं लोकांना वाटतं, तसं नाही, बहुतेक डिस्कच्या झाकणावर एक बारीक भोक असतं, त्याच्यावर "हे झाकू नका" असं छापलेलंही असतं, तिथून फिल्टरमधून हवा आत-बाहेर करते. फ्रीजमधली बाटली बाहेर काढली की तिला घाम सुटतो तसा या डिस्कलाही सुटतो, आणि मुंबईत, कोकणात, जुलै महिन्यात तर विचारूच नका. ते पाणी बोर्डवर येतं, आत प्लॅटरवर येतं, आणि मग त्याच डिस्कला करंट देऊन फिरवायचं. पिशवीने फक्त बाहेरची दमट हवा अडते, आतली ओल तशीच राहते, आणि वायर लावायला पिशवी तर उघडावीच लागते. शिवाय वर सांगितलेल्या गूगलच्या अभ्यासातही थंड ठेवलेल्या डिस्क जास्त टिकल्या असं निघालं नाही, उलट कमी तापमानाच्या डिस्क जास्त गेल्या होत्या. म्हणून हात जोडून सांगतो, नका ठेवू.

लो लेव्हल फॉरमॅट. ऐंशीच्या दशकातल्या, आयडीईच्या आधीच्या एमएफएम डिस्कवर हा प्रकार खरा होता, तेव्हा घरीच ट्रॅक आखून घेता यायचे. आयडीईपासून पुढे हेडला रस्ता दाखवणाऱ्या खुणा कारखान्यातच लिहिल्या जातात, घरच्या कुठल्याही सॉफ्टवेअरला तिथे हात लावता येत नाही. त्या नावाने जे मिळतं ते फक्त सगळीकडे शून्य लिहितं. लिहिताना डिस्क खराब सेक्टरच्या जागी राखीव सेक्टर वापरायला घेते, म्हणून १९७ चा आकडा शून्यावर येतो आणि ५ चा वाढतो. माणूस १९७ बघून खूश होतो. डेटा पूर्ण गेलेला असतो आणि डिस्क होती तेवढीच आजारी असते.

बोर्ड बदलणं हे त्यातल्या त्यात खऱ्याच्या जवळचं आहे, लोडशेडिंगनंतर लाईट झटक्यात आली आणि बोर्ड जळलं असं होतं. पण त्या बोर्डवरच्या छोट्या आठ पायांच्या चिपमध्ये त्याच डिस्कच्या हेडची मापं साठवलेली असतात, मॉडेल नंबर सारखा असला तरी दुसऱ्या बोर्डवर ती मापं दुसरीच. चिप उतरवून नव्या बोर्डवर सोल्डर करावी लागते. नुसते स्क्रू फिरवून बऱ्याच डिस्क चालत नाहीत, काही तर खडखड करायला लागतात. आणि कधी बोर्ड, हेड सगळं ठीक असून फर्मवेअरच (डिस्कचं आतलं सॉफ्टवेअर) अडकतं, सीगेटच्या बॅराकुडा ७२००.११ च्या बाबतीत २००८-०९ मध्ये तेच झालं होतं, डिस्क बायोसला दिसायचीच बंद व्हायची आणि कंपनीला नवीन फर्मवेअर द्यावं लागलं. अशा डिस्कवर बोर्ड बदलून काय मिळणार?

मग करायचं काय. पीसी बंद. केबल आणि पॉवर बघून झालं, स्मार्टचे आकडे वाईट आहेत, पण डिस्क अजून दिसतेय, तर ती काढून दुसऱ्या पीसीला लावा (आयडीई असेल तर कन्व्हर्टर वापरा, जंपर, म्हणजे पिनांवरची छोटी टोपी, मास्टरवर ठेवा) आणि लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून बूट करून डीडीरेस्क्यू नावाच्या प्रोग्रामने अख्ख्या डिस्कची कॉपी दुसऱ्या, तेवढ्याच किंवा मोठ्या डिस्कवर काढा. हे फुकट आहे. पहिल्या फेरीत जे सहज वाचता येतं ते आधी उचलतं, अडलेली जागा सोडून पुढे जातं, आणि मॅपफाइलमध्ये कुठवर आलं ते लिहून ठेवतं, म्हणजे मध्येच बंद करून डिस्क गार होऊ दिली तरी काम तिथूनच पुढे चालू होतं. कुठली डिस्क कुठून कुठे, हे मॉडेल नंबर बघून दोनदा तपासा, उलटं झालं तर रिकामी डिस्क फोटोंवर लिहिली जाईल. विंडोजला ती डिस्क लावलीत आणि "स्कॅन अँड फिक्स" विचारलं तर नाही म्हणा. चेकडिस्क, रिकव्हरी सॉफ्टवेअर, काय प्रयोग करायचे ते त्या कॉपीवर करा.

आणि डिस्क खडखड करतेय किंवा बायोसला दिसतच नाहीये, आणि आतल्या गोष्टींची दुसरी कॉपी कुठेच नाहीये, तर घरी झाकण उघडू नका, डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या. त्याला तोवर काय काय करून बघितलं ते सगळं सांगा, फ्रीजर धरून, कारण आत ओल आहे हे माहीत असेल तर तो डिस्कला आधी करंट देणार नाही.