म्हणे पूर्वीसारखं राहिलं नाही!

'सॅटर्डे नाइट लाइव्ह' या अमेरिकन टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमाला पन्नास वर्षं झाली, त्याचा खास कार्यक्रम १६ फेब्रुवारी २०२५ला लागला. न्यू जर्सीत मित्राकडे आम्ही आठ-दहा जण जमलो होतो. दहा मिनिटांत सुरू झालं, "आता पूर्वीसारखं राहिलं नाही रे." अरे, पूर्वी म्हणजे कधी? २०१५ला चाळीस वर्षांच्या कार्यक्रमालाही हेच ऐकलंय मी! ज्याला त्याला आपल्या कॉलेजच्या दिवसांतलाच कलाकारांचा संच भारी वाटतो. वाटू दे, पण बाकीच्यांना बघू तरी द्या.

१९७५च्या पहिल्या संचातले गॅरेट मॉरिस आले, वय ८८. त्यांनी १९७८ची फिल्म दाखवली. तिच्यात त्याच संचातला जॉन बेलुशी म्हातारा होऊन बर्फातल्या स्मशानात सहकाऱ्यांच्या थडग्यांमधून फिरतो. प्रत्यक्षात बेलुशीच १९८२ला, अवघ्या ३३व्या वर्षी गेला. माझा गळा दाटून आलेला, आणि शेजारचा वेफर्स चावत विचारतो, "ही कॉमेडी आहे? पुढे ढकल ना." लाइव्ह चाललंय, पुढे काय ढकलणार!

या कार्यक्रमाचा आठवडा बघा: मंगळवारी रात्रभर लिहायचं, बुधवारी वाचन, शनिवारी रात्री साडेअकराला थेट प्रक्षेपण. यात काही स्किट्स पडणारच. पहिल्या वर्षीही पडायची.

आणि ट्रेसी मॉर्गन या कार्यक्रमातल्या जुन्या कलाकाराच्या शेजारी उभं राहून एडी मर्फी या दुसऱ्या जुन्या कलाकाराने त्याचीच नक्कल केली, तेव्हा पोट धरून हसत होतात ना सगळे? तरी निघताना दारात चपला घालत पुन्हा तेच, "पूर्वीची मजा नाही."