ओटीपी आपल्याच मोबाईलवर यायला हवा

‘चांगला सीए मिळाला की लॉगिन-पासवर्डसकट सगळं त्याच्यावर सोपवा आणि धंद्याकडे लक्ष द्या’ हा सीए निवडण्याबद्दलच्या लेखात दुकानदारांना दिलेला सल्ला मला अजिबात पटला नाही. आमच्या शेजारच्या हार्डवेअरवाल्यांच्या जीएसटी नोंदणीत मोबाईल नंबर आणि ईमेल त्यांच्या सीएच्या ऑफिसातल्या मुलाचे होते. तो मुलगा नोकरी सोडून गेला, नंबर बंद झाला. सीए बदलायची वेळ आली तेव्हा पासवर्ड मिळेना आणि ओटीपीही येईना. शेवटी कागदपत्रं घेऊन जीएसटी अधिकाऱ्याकडे खेटे घालून नंबर बदलून घ्यावा लागला. रिटर्न रखडलं की रोजचे ५० रुपये लेट फी आणि वर व्याज, ते दुकानदाराच्याच खिशातून जातं, सीएच्या नाही.

सीएवर विश्वास हवाच, पण महिन्यातून एकदा समोर बसायला हवं. आमच्याकडे १४ तारखेला जीएसटीआर-२बी (माल विकणाऱ्यांनी भरलेल्या माहितीवरून जीएसटी पोर्टलवर तयार होणारी आपल्या खरेदीची यादी) आलं की मी खरेदीची बिलं घेऊन सीए मॅडमकडे जातो. ज्या पार्टीचं बिल त्यात दिसत नाही तिला तिथूनच फोन लावतो, कारण बिल २बी मध्ये नसेल तर क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या जीएसटीची वजावट, मिळत नाही. २० तारखेला ३बी, म्हणजे महिन्याचा कर भरायचं रिटर्न, भरायच्या आत हे उरकतं. मॅडम यासाठी जास्त फी घेतात आणि मी ती आनंदाने देतो. नवा सीए शोधणाऱ्यांनी फीच्या आधी एवढंच विचारावं: २बी माझ्याबरोबर बसून जुळवून द्याल का?