अमेरिकेचं ऐकायचं तर पूर्ण ऐका

डिसेंबर 2025 मध्ये अमेरिकेच्या लसीकरण सल्लागार समितीने मत दिलं, की जन्मल्याबरोबर सरसकट प्रत्येक बाळाला हिपॅटायटिस बीची, म्हणजे बाळंतपणात आईकडून बाळाला लागू शकणाऱ्या लिव्हरच्या आजाराची, लस द्यायची गरज नाही. 1991 पासूनची शिफारस बदलली. आमच्या केज-अंबाजोगाईच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर ही बातमी फोडणी घालूनच आली: 'अमेरिकेने बंद केली, आपल्याकडे मात्र एका दिवसाच्या लेकराला टोचतात.' भाचीला आठवा महिना लागलेला, त्यामुळे चर्चेला जोर चढला.

फॉरवर्डमधून एक ओळ गाळलेली होती. हा बदल फक्त तपासणी निगेटिव्ह आलेल्या आईच्या बाळापुरता होता. आई पॉझिटिव्ह असेल किंवा तिची तपासणीच झालेली नसेल, तर बाळाला लगेच लस द्यायची, हे तिथेही कायम आहे.

मग मावसभाऊ मला म्हणाला, "ताई, तुमच्या इंग्लंडात तरी देतात का?" खरं सांगायचं तर जन्मल्याबरोबर सगळ्यांना नाही देत. 2017 पासून इथे प्रत्येक बाळाला ही लस मिळते, पण आठव्या आठवड्यापासून, इतर पाच लसींसोबत एकाच इंजेक्शनात. जन्मतः मुख्यतः पॉझिटिव्ह आईच्या बाळाला. मावसभावाला वाटलं, जिंकलो.

पण ब्रिटनला हे परवडतं कशाच्या जोरावर? इथे दिवस गेल्यावर मिडवाइफच्या पहिल्या भेटीतच एचआयव्ही, सिफिलिस आणि हिपॅटायटिस बी यांची तपासणी सुचवतात. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की त्या बाईचा पिच्छा सोडत नाहीत. माझ्या एका मैत्रिणीने हे अनुभवलंय. एक भेट चुकली तर फोन, फोन उचलला नाही तर पत्र. बाळंतपणाच्या फाइलवर आधीच नोंद, लस वॉर्डात तयार. विषाणूचं प्रमाण जास्त असेल तर आईला शेवटच्या तीन महिन्यांत टेनोफोव्हिर या विषाणूविरोधी औषधाच्या गोळ्या, बाळाला लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन. वर्षाचं झाल्यावर बाळाचं रक्त तपासून खात्री करतात. एवढी यंत्रणा मागे उभी आहे, म्हणून जन्मतःचा डोस थांबतो. आपण डोस थांबवायचा आणि यंत्रणा नंतर बघू म्हणायचं, हे कुठलं शहाणपण?

या विषाणूचा हिशेब वयावर चालतो. धडधाकट माणसाला संसर्ग झाला तर शंभरातले पंच्याण्णव जण स्वतःहून बरे होतात. जन्मताना लागण झालेल्या बाळांपैकी सुमारे 90 टक्क्यांना तो जन्मभर चिकटतो. त्यांतल्या काहींना तिशी-चाळिशीत लिव्हर सिरोसिस, नाहीतर कॅन्सर. डोळे पिवळे होत नाहीत, म्हणून गावात कोणी त्याला आजारच मानत नाही. कावीळ उतरवणाऱ्याकडेही जात नाहीत, इतका तो गप्प असतो.

म्हणून भारताने 2011 पासून देशभर जो मार्ग धरला, सगळ्यांना पहिल्या 24 तासांत डोस, तो मला आपल्यासाठी ब्रिटनपेक्षा योग्य वाटतो. रिपोर्ट हरवला, तपासणी राहिली, तरी बाळाला आडोसा मिळतो. लसही काही परकी नाही. शेजारच्या हैदराबादेत शांता बायोटेक्निक्सने 1997 मध्येच देशी लस बाजारात आणली होती.

वाद घालायचाच तर डोस वेळेवर पडतो का, यावर घाला. रात्री अकराला बाळंतपण झालं. लस फ्रिजमध्ये, फ्रिजची किल्ली सिस्टरकडे, सिस्टर सुट्टीवर. किंवा दहा डोसांची कुपी एका लेकरासाठी कशाला फोडायची, म्हणून 'सोमवारी या' सांगतात. ती कुपी उघडल्यावर थंडाव्यात नीट ठेवली, तर 28 दिवस वापरायची सरकारी नियमातच मुभा आहे. सोमवारपर्यंत बाळंतीण घरी गेलेली असते. कार्डावर बीसीजी आणि पोलिओची नोंद पुढे केव्हातरी होते, हिपॅटायटिसच्या झिरो डोसचा, म्हणजे जन्मतःच्या डोसचा, रकाना कोराच.

पॉझिटिव्ह निघालेल्या सुनेचं काय होतं, तेही बोला. ताट-वाटी वेगळी, लेकराला अंगावर पाजू नको, माहेरी पाठवा. बाळाला लस दिली असेल तर आईने खुशाल पाजावं, आणि ताटावाटीतून हा आजार पसरतच नाही. हे सासूला समजेल अशा भाषेत, तिला समोर बसवून सांगायला हवं. आशाताईंवर आधीच ढीगभर कामं आहेत, तरी हे त्यांच्याइतकं कोणाला जमणार नाही. डॉक्टर सांगतात ते रिपोर्टच्या कागदाकडे बघून.

आणि ऊसतोडीचं. बीड जिल्ह्यातून दसरा-दिवाळीनंतर कोयते, म्हणजे ऊसतोड करणारी जोडपी, निघतात. कोणी पश्चिम महाराष्ट्रात, कोणी कर्नाटकात. त्यांत गरोदर बाया असतात. कधी फडाजवळच्या कोपीत, म्हणजे झोपडीतच, बाळंत होतात. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली, दवाखान्यात जायचं म्हणजे खाडा. तिच्या लेकराला 24 तासांत कोण गाठणार? हिची तपासणी गाव सोडायच्या आधीच व्हायला पाहिजे, रिपोर्ट तिच्या कार्डावर चिकटवलेला पाहिजे, आणि ज्या कारखान्याच्या तळावर ती उतरणार तिथल्या आरोग्य केंद्राला तिचा महिना कळवलेला पाहिजे. कारखान्यांना कोणत्या गावचे किती कोयते येणार, हे आधीपासून पाठ असतं. ती यादी आरोग्य खात्याला द्यायला कोणाची ना असेल, हे मला एकदा ऐकायचंय.