चालू बोर्डांचे भंगार

आज सकाळी टीव्ही दुरुस्त करायला आलेल्या मुलाने मागचे कव्हर उघडले, मीटर लावून दोन-चार ठिकाणी तपासले आणि पॅनेल म्हणजे पडदा उत्तम आहे, फक्त टीव्हीला वीज पुरवणारा पॉवर बोर्ड गेला आहे, असे सांगितले. मी म्हटले, मग नवा बोर्ड बसव. त्यावर तो म्हणाला, "बोर्ड मिळत नाही, मॅडम. मॉडेल बंद झालं." सहा वर्षे वापरलेला, काचेवर साधा ओरखडाही नसलेला टीव्ही एक्स्चेंजमध्ये देऊन टाका आणि नवा घ्या, असा त्याचा सल्ला होता. त्या मुलावर माझा राग नाही, त्याला जे सांगितले जाते तेच तो घरोघरी सांगतो. मात्र ते वाक्य सकाळपासून डोक्यातून जात नाही, कारण तेच वाक्य काही वर्षांपूर्वी मी स्वतः एका माणसाला ऐकवले होते.

तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक आहे की पुण्याजवळच्या एका इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यात मी नऊ वर्षे स्टोअर्समध्ये काम केले. दर मार्चअखेरीस 'नॉन-मूव्हिंग' मालाची यादी निघायची, म्हणजे जो माल वर्षानुवर्षे रॅकवर पडून आहे आणि हिशेबातून काढून टाकायचा आहे, त्याची यादी. त्या वर्षी त्या यादीत बंद झालेल्या एका मॉडेलचे पॉवर बोर्ड होते. एकही वापरलेला नव्हता. सगळे स्थिर विजेपासून वाचवणाऱ्या गुलाबी अँटिस्टॅटिक पिशव्यांत सीलबंद होते आणि प्रत्येकावर तपासणीचा 'ओके' शिक्का होता. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोन कंत्राटी कामगार एकेक पिशवी फाडून बोर्ड बाहेर काढत, लोखंडी ठोकळ्यावर ठेवत आणि हातोडा मारत. ट्रान्सफॉर्मर निखळून बाजूला पडे, कपॅसिटर चेपून जात, सिक्युरिटीवाला फोटो काढे आणि मी स्क्रॅप नोटवर आकडा लिहून सही करत असे. दुपारी त्यांच्यातल्या वयस्कर कामगाराने हातोडा खाली ठेवला आणि मला विचारले, "ताई, हे चालू आहेत ना?" मी म्हटले, "चालू आहेत, पण मॉडेल बंद झालं." त्यांनी पुढे काही विचारले नाही.

संध्याकाळी टेम्पोचे काट्यावर वजन झाले आणि अधिकृत रिसायकलरची पावती मिळाली. वार्षिक अहवालात ते सगळे वजन 'पुनर्प्रक्रिया केलेला कचरा' या रकान्यात जाऊन बसले. कायद्याने पाहिले तर त्यात काहीही चुकले नव्हते. माझी तक्रार नेमकी इथे आहे. झिजून, जळून निकामी झालेला बोर्ड आणि पिशवीतून काढून मुद्दाम फोडलेला नवा बोर्ड यांचे वजन एकाच रकान्यात पडते, आणि तो रकाना जितका मोठा तितकी कंपनी पर्यावरणाची मित्र ठरते.

रिसायकलिंग हे आवश्यक काम आहे आणि ते प्रामाणिकपणे करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. बोर्डाचा चुरा करून त्यातले तांबे, सोने, चांदी बाहेर काढता येते. पण त्यावरची चिप चिप म्हणून परत येत नाही, आणि ती बनवताना खर्ची पडलेली वीज आणि अतिशुद्ध पाणी तर मुळीच परत येत नाही. चुंबकांसारख्या भागांत लागणाऱ्या दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांच्या (रेअर अर्थ) जगाच्या मागणीपैकी जेमतेम १ टक्का ई-कचऱ्याच्या रिसायकलिंगमधून भागते. २०२२ मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा तयार झाला आणि त्यातला २२.३ टक्केच रीतसर गोळा होऊन रिसायकल झाल्याची नोंद आहे. नोंदीबाहेरच्या मालाचे काय होते हे दिल्लीच्या सीलमपूरमध्ये किंवा मुरादाबादमध्ये रामगंगेच्या काठी दिसते. तिथे माणसे आगीवर बोर्ड तापवून सुटे भाग काढतात आणि उरलेला बोर्ड आम्लात बुडवतात.

कंपन्यांनी सुटे भाग कायमचे सांभाळावेत, असे मी म्हणत नाही. गोदामाला भाडे पडते, आणि बाहेर गेलेल्या जुन्या भागांतून बनावट मालाचा धंदा चालतो, हेही मान्य. पण युरोपीय संघात १ मार्च २०२१ पासून टीव्ही बनवणाऱ्याला मॉडेलचा शेवटचा संच बाजारात आल्यानंतर किमान सात वर्षे पॉवर सप्लायसारखे भाग दुरुस्ती करणाऱ्यांना उपलब्ध करून द्यावे लागतात. तिथे विकणाऱ्या कंपन्यांपैकी कितीतरी आपल्याकडेही विकतात. तिकडच्या ग्राहकासाठी गोदामात जागा सापडते आणि इकडच्या ग्राहकासाठी हातोडा सापडतो, हे मला सहन होत नाही.

आपल्याकडे २०२२ चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. कंपनीने पूर्वी विकलेल्या मालाच्या वजनाच्या ६० टक्के इतका ई-कचरा रिसायकल झाल्याची प्रमाणपत्रे सुरुवातीला रिसायकलरकडून घ्यायची होती, आणि २०२५-२६ पासून हे प्रमाण ७० टक्के झाले. सगळा हिशेब किलोत चालतो. जुना माल दुरुस्त करून वापरात आणला तर कंपनीची रिसायकलिंगची जबाबदारी तेवढ्या मालापुरती पुढे ढकलली जाते, आणि वस्तू मुळात बिघडल्यावर घरातच दुरुस्त झाली, तर त्याची नोंद कुठल्याच रकान्यात होत नाही.

आणि एवढेसुद्धा कंपन्यांना जड झाले. रिसायकलरला ग्राहकोपयोगी इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी किलोमागे किमान २२ रुपये द्यावेत, असे सरकारने ठरवले, तेव्हा सॅमसंग, एलजी, डायकिन यांच्यासारख्या कंपन्यांनी दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. सरकारने दर बांधून दिल्याने अनधिकृत भंगार व्यवसाय थांबत नाही, हा त्यांचा मुद्दा अगदीच चुकीचा आहे असेही नाही. पण माझ्या समोर टेबलावर पडलेला हा टीव्ही साधारण नऊ किलोचा आहे. म्हणजे त्याची रीतसर विल्हेवाट लावण्याचा खर्च दोनशे रुपयांच्या आत येतो. जाहिरातीच्या पानावर हिरवी पाने छापायला याहून कितीतरी जास्त पैसे लागतात! या दोनशे रुपयांसाठी वकील उभे करावेत?

लिहिता लिहिता राग थोडा ओसरला, आणि आता पुन्हा ती पत्र्याची शेड आठवते आहे. त्या कामगाराच्या स्वतःच्या घरी तेव्हा टीव्ही होता की नाही, हे मी कधी विचारले नाही. त्यांच्या प्रश्नात तक्रार नव्हती. चांगली वस्तू फोडायला हात धजत नाही, एवढेच त्यात होते, आणि स्क्रॅप नोटवर सही करणाऱ्या मला ते त्या दिवशी त्यांच्याइतके टोचले नाही, याची खंत आजही आहे. मी दोन बोर्ड तरी बाजूला ठेवा म्हणून वर लिहून पाठवू शकले असते. कदाचित नकार आला असता, पण मी विचारलेदेखील नाही.

टीव्ही मी भंगारात दिलेला नाही. उद्या बोर्ड काढून पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत घेऊन जाणार आहे. तिथे कपॅसिटर बदलून देणारे एक काका आहेत आणि ते प्रयत्न करतो म्हणाले आहेत. तुमच्यापैकी कोणाकडे सहा-सात वर्षांपूर्वीचा, पॅनेल फुटलेला ४३ इंची संच माळ्यावर पडून असेल, तर तो कृपया एक्स्चेंजमध्ये देऊ नका. मला निरोप पाठवा, म्हणजे मी मॉडेल नंबर कळवते. पॉवर बोर्ड जुळला तर मी स्वतः येऊन घेऊन जाईन.