मुलांवर प्रेम असलं की थकवा येत नाही म्हणे

माझी धाकटी बहीण ठाण्यात लहान मुलांची थेरपिस्ट आहे. भेदरलेली, घर मोडलेली, अत्याचार सोसलेली मुलं तिच्याकडे येतात. गेल्या आठवड्यात मावशीने घरच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज टाकला, मथळा: ‘मुलांवर खरं प्रेम करणाऱ्याला बर्नआउट होत नाही.’ बर्नआउट म्हणजे कामाच्या ताणाने माणूस आतून पार रिकामा होणं. मावशीच्या मनात वाईट काही नव्हतं. पण बहिणीने नुसता अंगठा दिला आणि दोन दिवस कुणाचा फोन घेतला नाही. तोच मेसेज आता मुलाच्या शाळेच्या पालक-ग्रुपवरही आलाय, म्हणून लिहायला बसले.

मथळ्यातलंच वाक्य सगळ्यांत घातक आहे. ‘बर्नआउट’ हा शब्द या अर्थाने रूढ केला तो मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी, १९७४ मध्ये. त्यांनी पाहिलेली माणसं न्यूयॉर्कच्या एका मोफत दवाखान्यात पैसे न घेता राबणारी होती. हे कुणाला होतं, याचं त्यांचं उत्तर होतं: कामाला वाहून घेतलेल्यांना. ते स्वतःही त्यातून गेले होते. आणि आपण त्याच माणसांना सांगतोय की तुमचं प्रेम कमी पडलं!

दिवाळीच्या आधी बहीण माझ्याकडे जेवायला आली होती. माझा चार वर्षांचा मुलगा जिन्यावरून घसरला, गुडघा फुटला, त्याने भोकाड पसरलं. तिने त्याला जवळ घेतलं, ‘खूप लागलं ना? मी आहे इथे,’ म्हणाली. तो शांतही झाला. रात्री भांडी विसळताना मला म्हणाली, “ताई, तो रडत होता आणि मला काहीच वाटलं नाही गं. मी घड्याळ बघत होते.”

मेसेज पुढे म्हणतो, ‘जागतिक आरोग्य संघटनाही बर्नआउटला आजार मानत नाही.’ हे अर्धं खरं आहे, मान्य करावं लागतं. संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात (ते २०१९ मध्ये मंजूर झालं, २०२२ पासून लागू आहे) बर्नआउटची नोंद आजार म्हणून नाही, कामाशी निगडित स्थिती म्हणून आहे. पण पुढची ओळ वाचायची कुणी? कामाच्या जागी सतत राहिलेला आणि नीट न हाताळलेला ताण हे त्याचं मूळ, असं तिथे स्पष्ट लिहिलंय. लक्षणं तीन: शक्ती संपून जाणं, कामापासून मन तुटणं, आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटत राहणं. बहिणीने भांडी विसळताना सांगितलं ते यातलं दुसरं. ज्या नोंदीचा आधार घेऊन तिला दोष दिला जातोय, तीच नोंद बोट दाखवते कामाच्या जागेकडे.

बहिणीच्या थेरपी केंद्रात काय चालतं? दिवसाला आठ मुलं. दोन मुलांमध्ये आत्तापर्यंत पाचच मिनिटं, त्यातच चटई पुसायची, खेळणी लावायची, ‘आज कसं झालं’ हे आईला सांगायचं. नोंदी रात्री घरी. मूल आलं नाही तर त्या तासाचे पैसे नाहीत.

‘दुःख उंबरठ्यावर ठेवून घरी जा’ हा उपाय लिहिणाऱ्याने अशा खोलीत एक दिवस बसून बघावं. एका मुलीने खेळता खेळता बाहुलीला कपाटात लपवलं आणि रात्री कोण येतं ते सांगितलं. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या कलम १९ नुसार असं कळल्यावर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा. बहिणीने कळवलं. पुढे कित्येक दिवस त्या घरचे तिला फोन करून म्हणत राहिले, तुम्ही आमचं घर मोडलंत. आणि त्या दिवशी पाच मिनिटांनी पुढचं मूल दारात उभं होतंच. यातलं नेमकं काय उंबरठ्यावर ठेवायचं?

‘आपल्या आज्या दहा-दहा मुलं वाढवायच्या’ याला एवढंच उत्तर: घरात काकू होती, आत्या होती, मूल घ्यायला दुसरे हात होते.

मेसेजमधल्या प्राणायाम आणि झोप या उपायांनी बरं वाटतं, बहीणही ते करते. पण त्याने आठाची सहा मुलं होत नाहीत.

शेवटचा सल्ला: ‘झेपत नसेल तर क्षेत्र बदला.’ एक मुलगा चार महिने टेबलाखालून बाहेर येत नव्हता. आता चटईवर तिच्या शेजारी बसतो. ती गेली तर तो परत टेबलाखाली जाईल, मेसेज लिहिणाऱ्याला त्याचा पत्ताही नाही.

तिने केंद्राकडे तीन गोष्टी मागितल्यात. दिवसाला सहाच मुलं. दोन मुलांमध्ये पंधरा मिनिटं. आणि महिन्यातून दोनदा अनुभवी थेरपिस्टकडे सुपरव्हिजन (अवघड प्रसंग बोलून मार्गदर्शन घेणं), कामाच्या वेळेत आणि केंद्राच्या खर्चाने, म्हणजे बाहुलीच्या कपाटासारखी गोष्ट तिला एकटीला वाहावी लागणार नाही. पंधरा मिनिटं मिळाली आहेत. बाकी दोन्हींसाठी ती सोमवारी पुन्हा बोलणार आहे.