पाचवीचा निकाल आणि घरातली मोठी माणसे

आज पाचवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेचा निकाल लागला आणि दुपारपर्यंत आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अभिनंदनाची रीघ लागली. त्यातच एका ज्येष्ठांनी माझ्या भाचीचे नाव घेऊन सर्वांसमक्ष विचारले, "हिचे काय झाले? दादा-वहिनी गप्प का?" दहा वर्षांच्या मुलीच्या गुणांची अशी जाहीर झडती घेण्याचा अधिकार या मंडळींना कोणी दिला?

तिचे गुण मी येथेही लिहिणार नाही. तिला विचारून एवढेच सांगते की, एकूण गुण चांगले असूनही ती अपात्र ठरली, कारण या परीक्षेत दोन्ही पेपरांत स्वतंत्रपणे किमान 40 टक्के, म्हणजे 150 पैकी 60 गुण मिळवावे लागतात आणि दुसऱ्या पेपरात तिला दोन प्रश्न कमी पडले.

तिला खरा त्रास झाला तो मात्र सांत्वनाचा. वहिनी तिला जवळ घेऊन म्हणाली, "जाऊ दे गं, परीक्षेत काय ठेवलंय!" त्यावर भाचीने विचारले, "मग मला कुणाच्याच वाढदिवसाला का जाऊ दिलं नाही?" वहिनीजवळ उत्तर नव्हते. वर्षभर दर रविवारी सराव चाचणी, भिंतीवर वेळापत्रक, पाहुण्यांसमोर "आमची शिष्यवृत्तीला बसलीय" हे कौतुक आणि निकाल मनासारखा लागला नाही की त्याच तोंडाने परीक्षा क्षुल्लक! मुलांना हे कळत नाही असे वाटते की काय आपल्याला? परीक्षा तिच्यासाठी महत्त्वाची होती, कारण आपणच ती महत्त्वाची केली होती. तेव्हा "तुला वाईट वाटणे बरोबर आहे" असे म्हणून तिला रडू द्यावे आणि लगेच खाऊ, सहल, नवी सायकल यांची लालूच पुढे करू नये.

वहिनीवर मी रागावले असले तरी तिची अडचण मला दिसते. लेकीचे डोळे भरून आले की कोणतीही आई हाताला लागेल तो शब्द वापरते.

संध्याकाळी भाचीनेच प्रश्नपत्रिका काढली आणि आम्ही दोघी उत्तरसूची घेऊन बसलो. दुसऱ्या पेपरात इंग्रजीचे 25 आणि बुद्धिमत्ता चाचणीचे 50, असे 75 प्रश्न 90 मिनिटांत सोडवायचे असतात. इंग्रजी तिचे जवळजवळ सगळे बरोबर होते; पण आकृत्यांच्या एका प्रश्नावर ती अडून बसली आणि शेवटचे पान वेळेअभावी कोरे राहिले. त्या पानावरचे बरेचसे प्रश्न तिने माझ्यासमोर सहज सोडवले. त्यातच एकदा बॉलपेनने रंगवलेले वर्तुळ बदलता येत नाही, ही धास्ती. आमच्या वेळी ही परीक्षा चौथीत असे आणि आम्हीही घाबरायचो. पण निकालाच्या दिवशी प्रश्नपत्रिका घेऊन आमच्याशेजारी कोणी बसले नव्हते. "म्हणजे मला येत होतं," असे ती मोठ्याने म्हणाली, तेव्हा दिवसभरात पहिल्यांदा तिचा आवाज नेहमीसारखा वाटला.

शिकवणीमुळे तिचे अपूर्णांक पक्के झाले, हे मान्य करावेच लागेल. तरीही निवडक दहा मुलांचे चेहरे चौकातल्या फ्लेक्सवर झळकवायचे आणि उरलेल्या वर्गाने रोज त्याखालून शाळेत जायचे, या प्रकाराचा मला मनस्वी संताप येतो. राज्यभरातून बसणाऱ्या मुलांपैकी बहुसंख्य मुले दरवर्षी अपात्रच ठरतात. त्या सगळ्यांच्या घरी आज कोणीतरी असाच फोन करून गुण विचारत असणार. फोन करायचाच असेल तर मुलीला बोलवावे, तिच्याशी दुसऱ्या कशाबद्दल तरी बोलावे.

दादा आताच पुढच्या टप्प्यावरच्या शिष्यवृत्ती परीक्षेची चौकशी करू लागला आहे. त्या परीक्षेला बसायचे की नाही, हे वेळ आल्यावर तिलाच विचारावे आणि तोवर तिचे रविवार तिला परत द्यावेत, असे मी त्याला स्पष्ट सांगितले आहे. दादा विचार करतो म्हणाला. वहिनीला अजून पटलेले नाही.