'मेड इन जपान' म्हणे खोटा, आणि 'स्मोक' म्हणे गांजा!

काल ताईने फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला, खाली लिहिलं "बघ, हेच शिकतोय आपला पोरगा", आणि भाच्याचा गिटार क्लास त्याच दिवशी बंद. फॉरवर्डचं म्हणणं: डीप पर्पल या इंग्लिश रॉक बँडचा 'मेड इन जपान' हा लाइव्ह अल्बम बनावट, स्टुडिओत वाजवून वर टाळ्या चिकटवल्यात. त्यातलं 'स्मोक ऑन द वॉटर' हे गाणं म्हणजे हुक्का-गांजाची जाहिरात. आणि कव्हरचा फोटो जपानचा नाहीच.

आधी तो गांजा, कारण क्लास त्याच्यामुळे बंद झालाय. अहो, ४ डिसेंबर १९७१, स्वित्झर्लंडमधलं माँत्रो, तिथल्या कॅसिनोत अमेरिकन रॉक संगीतकार फ्रँक झापाचा कार्यक्रम चालू होता, प्रेक्षकातल्या कोणीतरी फ्लेअर गन (पेटता गोळा सोडणारी बंदूक) उडवली आणि अख्खा कॅसिनो जळून खाक. डीप पर्पल तिथेच रेकॉर्डिंग करणार होते, त्यांनी धूर जिनिव्हा लेकवर पसरताना स्वतः पाहिला. ते वॉटर म्हणजे तो लेक, हुक्क्यातलं पाणी नव्हे! गाण्यात झापाचं नाव आहे, ती गन उडवणाऱ्या मूर्खाचा उद्धार आहे, आगीतून पोरांना बाहेर काढणारा, माँत्रोच्या जॅझ महोत्सवाचा क्लॉड नोब्सही आहे. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने गाणं एकदा तरी ऐकायचं ना! आता खोटं कशाला बोलू, नाव ड्रग्जच्या गाण्यासारखं वाटतं म्हणून बँडवालेच आधी कचरत होते. पण फक्त नाव हं.

आता बनावटपणा. रेकॉर्डिंग झालं ऑगस्ट १९७२ च्या कार्यक्रमांत, १५ आणि १६ ला ओसाका, १७ ला टोकियोचं बुदोकान सभागृह, रेकॉर्डिंग इंजिनिअर मार्टिन बर्च. लाइव्ह अल्बम हवा होता जपानच्या रेकॉर्ड कंपनीला, बँडला फारशी हौस नव्हती, गायक इयन गिलनला तर स्वतःचं गाणंच आवडलं नव्हतं. स्टुडिओत जाऊन दुरुस्त्या करायच्या असत्या तर त्याने पहिला आपला आवाज नसता का सुधारला? आणि सगळ्यात मोठा पुरावा बाजारात मिळतो, १९९३ मध्ये तिन्ही रात्रींचं जवळजवळ सगळं रेकॉर्डिंग तीन सीड्यांवर आलं. तेच गाणं तिन्ही रात्री लावून बघा, गिटारवादक रिची ब्लॅकमोरचा सोलो (एकट्याने वाजवलेला तुकडा) दर वेळी वेगळा, चुकासुद्धा वेगळ्या. अल्बममध्ये निवड झालीय, ते खरं, 'स्मोक' १५ तारखेचं, 'लेझी' टोकियोचं, बाकी बरंचसं १६ चं. पण निवडणं वेगळं आणि चिकटवणं वेगळं.

फोटोचं मात्र बरोबर आहे, कव्हरवरचा फोटो लंडनच्या कार्यक्रमाचा आहे. एवढं एक खरं सापडलं म्हणून बाकीचं सगळं खपवायचं का?

ताई, सोमवारपासून त्याला क्लासला पाठव. आणि बाळा, 'स्मोक'ची ती रिफ (सुरुवातीची गिटारची धून) पिकने, म्हणजे त्या प्लॅस्टिकच्या पट्टीने, वाजवू नकोस, ब्लॅकमोर दोन तारा बोटांनी एकदम खेचतो.